पोळी की भाकरी? प्रीडायबेटिसमध्ये ताट कसं वाढावं

रिपोर्टवर एचबीए१सी ६.१ आला की घरातला पहिला राग निघतो तो गव्हावर. पोळी बंद, उद्यापासून ज्वारीची भाकरी. मागोमाग साखरेचा डबा मागच्या फळीवर जातो, त्याच्या जागी गुळाची ढेप येते, आणि शेजारच्या काकू कारल्याच्या रसाची कृती सांगून जातात. तीन महिन्यांनी तपासावं तर आकडा जिथल्या तिथे. मग "एवढं पथ्य करून काय मिळालं?" असं म्हणत गाडी पुन्हा वडापावावर येते.

पथ्य केलं होतं हे खरंच. पण त्यात धान्य तेवढं बदललं, ताटाची मांडणी होती तशीच राहिली. गोम तिथेच आहे.

आधी आकडे नीट समजून घेऊ. एचबीए१सी म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांना साखर चिकटली आहे त्याचं माप. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगतो. आदल्या रात्री खाल्लेल्या जिलबीवर तो ठरत नाही. ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ प्रीडायबेटिस म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. उपाशीपोटीची साखर (मिग्रॅ/डीएलमध्ये) १०० ते १२५ च्या दरम्यान असली किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी १४० ते १९९ आली तरी प्रीडायबेटिसच म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीची रेषा १०० ऐवजी ११० वर आखते. त्यामुळे १०५ वर एक डॉक्टर सावध करतात आणि दुसरे "काही नाही" म्हणतात, तेव्हा दोघांपैकी कोणी चुकतंच असं नाही.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे हमखास सुटते. अंगात लोह कमी असेल तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, आणि लोह कमी असलेल्या बायका तर आपल्याकडे घरोघरी आहेत. उलट सिकलसेलसारख्या रक्ताच्या दोषात हा आकडा फसवा निघतो. विदर्भात आणि नंदुरबारच्या बाजूला हे लक्षात ठेवायला हवं. अशा वेळी उपाशीपोटीची आणि ग्लुकोज प्यायल्यानंतरची तपासणीही करून घ्यावी.

"मी तर बारीक आहे, मला कसा होईल?" हा प्रश्न भारतात फारसा उपयोगाचा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, अगदी एक, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. हात-पाय काडीसारखे आणि पोटावर वळी, हा आपला ओळखीचा बांधा आहे. जेवणातून आलेली साखर साठवून ठेवणारं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायू. ते मुळात लहान असलं आणि यकृताभोवती चरबी साचली, की स्वादुपिंडाला तेवढ्याच भातासाठी जास्त इन्सुलिन ओतावं लागतं. काही वर्षं ते ओततं. मग दमायला लागतं. रिपोर्टवरचा ६.१ हा त्या दमण्याचा सुरुवातीचा निरोप.

यातून मागे फिरता येतं का? चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ साली याच प्रश्नावर अभ्यास प्रसिद्ध केला. प्रीडायबेटिस असलेल्या ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला, त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्या आहारात आणि चालण्या-फिरण्यात बदल केला, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं. धोका साधारण २८ टक्क्यांनी कमी, आणि मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीनेही जवळपास तेवढाच फरक पडला. अमेरिकेतल्या तशाच अभ्यासात आहार-व्यायामाने ५८ टक्के फरक पडला होता. म्हणजे आपल्याला डोंगर थोडा उभा आहे, पण चढता येतो.

आता ताटाकडे वळू.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नाचे तक्ते काढले. त्यात १०० ग्रॅम कणकेत कर्बोदकं सुमारे ६४ ग्रॅम, बाजरीत ६२, नाचणीत ६७ आणि ज्वारीत ६८. हे आकडे दोनदा वाचा. ज्या ज्वारीसाठी गव्हावर बहिष्कार घातला, तिच्यात कर्बोदकं कणकेपेक्षा रेसभर जास्तच आहेत. तंतूही (फायबर) कणीक, ज्वारी, बाजरी, नाचणी सगळ्यांत १०-११ ग्रॅमच्या आसपास. खरा वेगळा दिसतो तो पांढरा तांदूळ: कर्बोदकं ७८, तंतू जेमतेम ३.

शिवाय भाकरी आणि पोळी एका मापाच्या नसतात. घडीच्या पोळीला ४० ग्रॅमच्या आसपास कणीक लागते, म्हणजे कर्बोदकं २६ ग्रॅम. बऱ्यापैकी थापलेल्या भाकरीला ७० ग्रॅम पीठ सहज जातं, म्हणजे ४७. "दोन पोळ्यांऐवजी दोनच भाकऱ्या खातो" असं सांगणारा माणूस नकळत पावणेचार पोळ्यांएवढं पिष्ट (स्टार्च) खाऊन उठतो आणि आपण पथ्यावर आहोत या समाधानात असतो.

ज्वारीच्या मी विरोधात आहे असं कृपा करून समजू नका. ताजी भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा यांच्यापुढे मला दुसरं काही सुचत नाही. ज्यांना भाकरीने पोट भरल्यासारखं वाटतं आणि जे एकीवर थांबतात, त्यांनी खुशाल भाकरीच खावी. पण ती औषध म्हणून खाऊ नये. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीतून २०२५ साली 'नेचर मेडिसिन'मध्ये जो अहवाल आला, त्यातही हेच निघालं: पांढऱ्या तांदळाच्या जागी गहू किंवा भरडधान्याचं पीठ आणलं एवढ्याने मधुमेहाचा धोका घटल्याचं दिसत नाही. कर्बोदकांचा एकूण वाटा थोडा कमी करून त्या जागी डाळी, दूध-दही, अंडी, मासे यांतलं प्रथिन आणलं की धोका घटलेला दिसतो. सरासरी भारतीय माणूस दिवसाच्या उष्मांकांपैकी ६२ टक्के कर्बोदकांतून घेतो. प्रीडायबेटिसमध्ये हा वाटा पन्नास-पंचावन्नच्या आसपास आणावा आणि प्रथिनांचा वाटा विसापर्यंत न्यावा, असं याच पाहणीचं आधीचं गणित सांगतं.

वेगाचाही प्रश्न आहेच. पुण्याजवळच्या खडकवासला धरणातून दिवसभर बेताने पाणी सोडलं तर मुठा नदी नुसती भरून वाहते. तेवढंच पाणी दोन तासांत सोडलं की शहरातला भिडे पूल पाण्याखाली जातो. रक्तातल्या साखरेचंही तसंच. धान्य जितकं बारीक दळलेलं, जितकं मऊ शिजलेलं, तितकं ते लवकर पचून रक्तात उतरतं. मैदा, पाव, साबुदाणा, चुरमुरे, आटवल भात हे धावत येतात. अख्खी मटकी, हरभरा, राजमा हे सावकाश येतात, कारण त्यांचं पिष्ट पेशींच्या जाड भिंतींत कोंडलेलं असतं. जेवणात भाजी, दही, डाळ, थोडं तेल-तूप असलं की पोट रिकामं व्हायलाच वेळ लागतो आणि धान्याचाही वेग मंदावतो.

एक नेहमीचं दुपारचं ताट बघा. तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, वाटीभर भात, त्यावर पातळ वरण, कडेला लोणचं. कर्बोदकांची बेरीज १३० ग्रॅमच्या आसपास जाते. यातलं वरण म्हणजे आपली मोठी फसवणूक आहे. पळीने ढवळल्याशिवाय डाळ दिसत नाही अशा वरणाच्या वाटीत कोरडी डाळ १५ ते २० ग्रॅम, म्हणजे प्रथिनं चारच ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला दिवसाला किमान ५० ग्रॅम लागतात. "आम्ही रोज डाळ खातो" या वाक्यात खोटं काही नसतं, फक्त डाळ नसते.

हेच ताट थोडं हलवा. पोळ्या दोन, भात अर्धी वाटी. बटाट्याच्या जागी मेथी, गवार, दुधी, कोबी, फरसबी, दोडका, जे मंडईत असेल ते, आणि तेही दोन वाट्या. वरणाच्या जागी मोड आलेल्या मटकीची उसळ किंवा घट्ट आमटी. काकडीची किंवा मुळ्याची दही घातलेली कोशिंबीर, चमचाभर नव्हे तर वाटीभर. कर्बोदकं शंभराच्या आत येतात आणि भूक काही राहत नाही. घरात वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही, ही यातली सगळ्यात मोठी सोय. पथ्याचं जेवण वेगळं शिजायला लागलं की पंधरा दिवसांत बंद पडतं.

आपल्या वाढण्याच्या पद्धतीत एक गंमत आहे. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. पण सुरुवात होते ती मधल्या वरणभाताच्या मुदीने, म्हणजे सगळ्यात वेगाने पचणाऱ्या पदार्थाने, तेही पोट रिकामं असताना. भाजी आणि प्रथिनं आधी, पिष्ट मागून, असं खाल्लं तर त्याच जेवणानंतर साखर कमी चढते, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तेव्हा आधी कोशिंबीर आणि उसळ निम्मी संपवा, मग पोळी, भात शेवटी. याला ना पैसा लागतो ना सुनेची परवानगी.

प्रथिनं कुठून आणायची यासाठी पावडरच्या डब्याकडे धावायची गरज नाही. पिठलं आहे, वाटीभर पिठल्यात ३० ग्रॅम बेसन असलं तर सहा-सात ग्रॅम प्रथिनं. खानदेशात ज्वारीत उडीद मिसळून कळण्याची भाकरी करतात, ती साध्या भाकरीपेक्षा या बाबतीत उजवी. कोकणात कुळथाची पिठी आहे. भाजणीच्या थालीपिठात धान्यांबरोबर हरभरा डाळ आणि उडीद असतात, त्याला दह्याची जोड द्या. मुगाची धिरडी, दोन अंडी, पनीर, ताक काढण्याऐवजी घट्ट दही. मासे खाणाऱ्यांचं तर काम सोपं आहे: ताटातला भात निम्मा करा आणि बांगडा एकाऐवजी दोन घ्या. गोव्यातला उकडा तांदूळ पांढऱ्या सुरय तांदळापेक्षा सावकाश पचतो, पण डोंगराएवढा वाढला तर तोही तेच करणार.

डाळींतही पिष्ट असतं, हे खरं. म्हणून भात तेवढाच ठेवून वर उसळ वाढवली तर नुसती भर पडते. एक वाढवताना दुसरं कमी करावंच लागतं. आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायला हवं.

नाश्ता ही आपली अवघड जागा. पोहे, उपमा, इडली, साबुदाणा खिचडी, पाव: सगळीच कर्बोदकं, त्यात रात्रभराचा उपास. बशीभर पोह्यांना ५०-६० ग्रॅम कोरडे पोहे लागतात, म्हणजे ४० ते ४५ ग्रॅम कर्बोदकं आणि वर बटाटा. पोहे सोडवत नसतील तर पोहे ३० ग्रॅमच घ्या आणि कढईत तेवढीच वाफवलेली मटकी, वाटाणे, भरपूर कांदा, मूठभर शेंगदाणे टाका. चव बिघडत नाही, उलट बऱ्याच घरांत मुलांना हेच आवडायला लागतं. मिसळ तर मुळात उसळच आहे. बिघडवतात ते फरसाण आणि दोन पाव. तर्री कमी, फरसाण चिमूटभर, पाव अर्धा, आणि मिसळ नाश्त्यात मानाने बसते.

चहाचा हिशेब कोणी करत नाही. चार कप, प्रत्येकी दोन चमचे, एक चमचा पाच ग्रॅम: दिवसाला ४० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहा. ही साखर पातळ स्वरूपात येते, तिला अडवायला सोबत काहीच नसतं, असलंच तर मारीचं बिस्कीट किंवा खारी, म्हणजे मैदा. आणि गुळाचा चहा? नाक्यानाक्यावर पाट्या लागल्यात, पण गुळात बहुतेक साखरच असते, थोडी खनिजं सोडली तर. रक्ताला रंग दिसत नाही. मध, खजूर, खडीसाखर यांचंही तेच. "शुगर फ्री" लिहिलेला खजुराचा लाडू हा तर मला निव्वळ विनोद वाटतो. साखर आठवड्याला पाव चमचा कमी करत गेलात तर जीभ कुरकुर न करता शिकते.

उपासाबद्दल आपल्या आज्या आधीच बोलून गेल्यात: एकादशी, दुप्पट खाशी. साबुदाणा म्हणजे कंदातून काढलेलं जवळजवळ शुद्ध पिष्ट; १०० ग्रॅममध्ये कर्बोदकं ८७-८८ आणि प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. खिचडीत वाचवतात ते शेंगदाणे. उपास सोडायचा नसेल तर खिचडीची बशी लहान करा, भगर थोडी, तिच्याबरोबर दाण्याची आमटी मात्र भरपूर, काकडीची दह्यातली कोशिंबीर, सुरणाची भाजी. साखरेवर गोळ्या चालू असतील तर कडक उपासाआधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

आंब्याचं काय, हा प्रश्न मे महिन्यात सगळ्यांच्या डोळ्यांत असतो. हापूसच्या १०० ग्रॅम गरात कर्बोदकं साधारण १५ ग्रॅम. मध्यम आंब्यात गर दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एक आंबा जवळपास एका पोळीएवढा. तेव्हा एक पोळी कमी करा आणि आंबा कापून, चावून खा. आमरस-पुरी वेगळी: तिथे वाट्या मोजल्या जात नाहीत, रसात साखर पडते आणि पुऱ्या मोजण्याची तर पद्धतच नाही. एरवी पेरू, पपई, संत्रं, जांभूळ, डाळिंब यांना घाबरू नका. चिकू, केळं, सीताफळ लहान बघून घ्या. रस कुठल्याच फळाचा नको. चार मोसंब्यांची साखर दोन घोटांत जाते आणि तंतू चोथ्यात राहतात.

कारलं, मेथ्या, जांभळाच्या बियांची पूड यांना मी भाजी-मसाला म्हणून मान देतो, त्याहून अधिक नाही. कारल्याची भाजी खा. सकाळी रस पिऊन दुपारी चार पोळ्या खायची सूट त्यातून मिळत नाही.

फ्रिजमध्ये ठेवून गार झालेल्या भातातलं काही पिष्ट न पचणाऱ्या स्वरूपात बदलतं, म्हणून फोडणीच्या भाताचं सध्या कौतुक चालू आहे. फरक थोडा आहे. शिळा भात तसाही उरतोच, तो खा, पण मुद्दाम जास्त शिजवू नका. त्यापेक्षा शतपावली मोठं काम करते. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं की पायांचे स्नायू रक्तातली साखर उचलायला लागतात, आणि हे इन्सुलिन दमलेलं असतानाही होतं. पोट सुटलेलं असेल तर वजन पाच ते सात टक्के उतरवणं हे पहिलं उद्दिष्ट; सत्तर किलोच्या माणसाला साडेतीन ते पाच किलो. बारीक माणसाने मात्र जेवण कमी करून आणखी वाळू नये. त्याला प्रथिनं आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम, म्हणजे जिने, उठाबशा, वजनं, हेच लागतं.

तेलकट फरसाण, शेव, चिवडा यांतून साखर लगेच चढत नाही म्हणून ते निर्धोक वाटतात, पण तेच उष्मांक पोटावर जाऊन बसतात. चार वाजताच्या भुकेला मूठभर फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे बरे. मूठ आपलीच, आणि एकच.

घरी ग्लुकोमीटर असेल तर एक प्रयोग करण्यासारखा आहे. जेवणाच्या पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर बघा: एक दिवस नेहमीचं ताट, एक दिवस बदललेलं ताट, एक दिवस बदललेलं ताट आणि नंतर शतपावली. भात तुम्हाला किती चढतो आणि भाकरी किती, हे कुठल्याही तक्त्यापेक्षा तुमचं बोट अचूक सांगेल. एचबीए१सी मात्र दर महिन्याला करू नका. जुन्या पेशी रक्तातून जायला वेळ लागतो, त्यामुळे आधी केलात तर बदल अर्धवटच दिसतो. तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करा. ६.१ चा ५.९ झाला असेल तर ताट आहे तसं चालू ठेवा, ६.५ किंवा त्याच्या वर गेला, किंवा मध्येच तहान-लघवी वाढली आणि विनाकारण वजन उतरायला लागलं, तर तीन महिन्यांची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.